न्यूझीलंडला फिरायला जाताय? लोणच्याच्या बरणीपासून गाडीच्या लायसन्सपर्यंत, निघण्याआधी माहीत हव्यात अशा गोष्टी

निळीशार तळी, बर्फाचे डोंगर, हिरव्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या! न्यूझीलंडचे असे फोटो आणि रील्स पाहून तिथे जायचं स्वप्न बघणारे मराठी प्रवासी आता पुष्कळ आहेत. कोणी हनिमूनला जातं, कोणी ऑकलंडला स्थायिक झालेल्या मुलाकडे, तर कोणी निवृत्तीनंतर एकदाच मोठा प्रवास म्हणून.

पण हा देश भारतापासून जवळपास बारा हजार किलोमीटर लांब आहे. तिथे पोहोचल्यावर एखादी चूक लक्षात आली, तर ती सुधारायला वेळही जातो आणि पैसेही. बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदासाठी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. ट्रान्झिट व्हिसा नाही म्हणून मुंबईच्याच विमानतळावरून परत फिरावं लागू शकतं. या प्रवासाची तयारी नेमकी कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

कधी जायचं? ऋतू उलटे आहेत

न्यूझीलंड दक्षिण गोलार्धात आहे. त्यामुळे तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, मार्च ते मे पानगळ, जून ते ऑगस्ट हिवाळा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर वसंत असतो.

मराठी कुटुंबांची अडचण इथेच सुरू होते. मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात आणि तिथला मे म्हणजे पानगळीचा शेवट. झाडांवरचे लाल-पिवळे रंग एप्रिलमध्ये सर्वात सुंदर असतात, मे अर्ध्यावर येईपर्यंत ते बरेचसे गळून गेलेले असतात. बर्फावर स्कीइंग करायचं म्हटलं, तर त्याची मैदानं साधारण जूनमध्ये उघडतात. म्हणजे मे महिन्यात रंगही हातचे जातात आणि बर्फही पुरेसा मिळत नाही. दिवसही लहान होत जातो, हिवाळ्यात क्वीन्सटाउनमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. मात्र या काळात गर्दी कमी असते आणि हॉटेलं स्वस्त मिळतात, हेही खरं.

दिवाळीची सुट्टी त्यापेक्षा बरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वसंत असतो आणि कोकरं कुरणात बागडत असतात. टेकापो तळ्याकाठची जांभळी-गुलाबी ल्युपिनची फुलं साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत दिसतात.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हवा छान असते, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. पण तिथल्या शाळांनाही तेव्हाच सुट्टी असते. या काळात जायचं असेल तर राहण्याची सोय, भाड्याची गाडी आणि उत्तर व दक्षिण बेटांना जोडणारी फेरी यांचं बुकिंग काही महिने आधी करावं लागतं.

व्हिसा : तिकिटाआधी याचा विचार

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडला जायचं तर व्हिजिटर व्हिसा लागतो. 'एनझेडईटीए' नावाची झटपट परवानगी असते, पण ती व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. ती भारतीय पर्यटकांना चालत नाही. इंटरनेटवर 'लगेच एनझेडईटीए काढून देतो' असं सांगणाऱ्या खासगी वेबसाइट्सवर पैसे भरण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

अर्ज इमिग्रेशन न्यूझीलंडच्या अधिकृत वेबसाइटवर ऑनलाइन करता येतो. त्यात साधारण या गोष्टी दाखवाव्या लागतात :

- पासपोर्ट. न्यूझीलंड सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा. विमान कंपन्या आणि वाटेतले देश यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून सहा महिने वैधता ठेवणं सुरक्षित.
- खर्चाची ऐपत. नियमानुसार दर माणशी दर महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४०० डॉलर. बँकेचं स्टेटमेंट इथे महत्त्वाचं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली याचा कागद सोबत जोडावा.
- परत येणार याचा पुरावा. नोकरीचं पत्र, मंजूर रजा, व्यवसायाची नोंदणी, आयकर विवरणपत्र, घर किंवा शेतीची कागदपत्रं.
- प्रवासाचा आराखडा. कोणत्या तारखांना कुठे राहणार, याचा साधा तक्ता पुरतो.

सातबारा उतारा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला यांसारखे मराठी कागद जोडायचे असतील, तर त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रमाणित करून द्यावा. नुसता मराठी कागद अधिकाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

व्हिसाच्या शुल्काबरोबरच पर्यटकांकडून एक वेगळा कर घेतला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून तो ३५ वरून १०० न्यूझीलंड डॉलर झाला. चौघांचं कुटुंब असेल तर नुसते या कराचेच ४०० डॉलर बजेटमध्ये धरावे लागतात.

व्हिसा डिजिटल स्वरूपात ईमेलवर येतो, पासपोर्टवर स्टिकर असेलच असं नाही. त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी जुळवून पाहावा. पासपोर्टच्या नूतनीकरणानंतर जुना क्रमांक राहून जाणं ही नेहमी होणारी चूक आहे. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नये.

विमान : खरी गंमत ट्रान्झिटमध्ये

भारतातून न्यूझीलंडला सध्या थेट विमान नाही. सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, हाँगकाँग, सिडनी किंवा मेलबर्न अशा एखाद्या ठिकाणी बदलावं लागतं. मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास आणि तिथून ऑकलंड साधारण दहा तास. मधला थांबा धरून अठरा ते चोवीस तास सहज जातात.

ऑस्ट्रेलियामार्गे जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. भारतीय नागरिकांना ऑस्ट्रेलियात फक्त विमान बदलायचं असलं, तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो मोफत आहे आणि ऑनलाइन मिळतो, पण आधी अर्ज करावा लागतो. जाताना सिंगापूरमार्गे आणि येताना सिडनीमार्गे असं तिकीट असेल, तर हा व्हिसा लागेल हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. चेक-इन काउंटरवर तो नसला तर विमान कंपनी प्रवाशाला चढू देत नाही.

दुसरी अडचण दोन वेगवेगळ्या तिकिटांची. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-ऑकलंड दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं, तर बॅग मध्येच उचलून पुन्हा चेक-इन करावी लागू शकते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि म्हणून त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. शिवाय पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर नुकसान प्रवाशाचंच. एकाच पीएनआरचं तिकीट थोडं महाग पडलं तरी डोक्याला ताप नसतो.

तारखांचा हिशोबही नीट करावा. न्यूझीलंडचं घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ते साडेसात तास पुढे असतं. समजा, डिसेंबरच्या १० तारखेला रात्री साडेअकराला मुंबई सोडली आणि प्रवासाला वीस तास लागले, तर ऑकलंडला उतरताना तिथे १२ तारखेची पहाट झालेली असते. ११ तारीख जवळजवळ पूर्ण हवेतच जाते. हॉटेलचं बुकिंग चुकून ११ तारखेपासून केलेलं असेल, तर एका रात्रीचे पैसे वाया जातात.

बॅग भरताना : लाडू, लोणचं आणि ४०० डॉलर

न्यूझीलंडच्या तयारीतला हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंबद्दलचे तिथले नियम जगातल्या सर्वात कडक नियमांपैकी आहेत, आणि त्याला कारण आहे.

हा देश लाखो वर्षं बाकीच्या जमिनीपासून तुटलेला होता. वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारे मूळचे सस्तन प्राणी तिथे नव्हतेच. म्हणून किवीसारखे न उडणारे पक्षी टिकले. माणसाने बाहेरून आणलेल्या उंदीर, स्टोट आणि पोसम या प्राण्यांनी या पक्ष्यांचं आणि जंगलांचं अतोनात नुकसान केलं. दुसरीकडे, देशाची कमाई दूध, मांस, लोकर आणि फळं यांच्या निर्यातीवर चालते. २०१५ मध्ये ऑकलंडच्या ग्रे लिन या वस्तीत फळमाशी सापडली, तेव्हा त्या भागातून फळं बाहेर नेण्यावर बंधनं आली आणि तिचा नायनाट करायला काही महिने लागले. भारतात गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत हा रोग न्यूझीलंडमध्ये आजवर कधीच आलेला नाही. तो येऊ नये म्हणून सगळा देश दक्ष असतो.

त्यामुळे उतरण्याआधी प्रत्येक प्रवाशाला 'न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन' भरावं लागतं. पूर्वी विमानात कागदी कार्ड मिळायचं, आता ते ऑनलाइन भरता येतं. प्रवास सुरू होण्याच्या २४ तास आधीपासून ते भरता येतं आणि ते पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट अधिकृत नव्हे, हे ओळखावं.

या फॉर्ममध्ये खाद्यपदार्थ, वनस्पती, प्राण्यांपासून बनवलेल्या वस्तू, ट्रेकिंगचे बूट, तंबू अशा गोष्टींबद्दल विचारलेलं असतं. नियम एका ओळीत सांगायचा तर, शंका असेल तर 'हो' लिहा. जाहीर केलेली वस्तू चालण्यासारखी नसेल, तर अधिकारी ती काढून घेतात आणि दंड होत नाही. जाहीर न केलेली वस्तू सापडली, तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो, मग ती चुकून राहिलेली असली तरी. जाणूनबुजून लपवल्याचं दिसलं, तर खटलाही होऊ शकतो. बॅगांचा एक्स-रे होतो आणि वास घेणारी कुत्री बॅगांमधून फिरत असतात.

मराठी घरातल्या बॅगेचा विचार केला, तर साधारण चित्र असं दिसतं :

न नेलेलंच बरं : ताजी फळं आणि भाज्या, कढीपत्ता, विड्याची पानं, मध, पेढे-बर्फीसारख्या दुधाच्या मिठाया, मांस आणि अंड्यांचे घरगुती पदार्थ. च्यवनप्राशमध्ये मध असतो, हे पटकन लक्षात येत नाही. गोमूत्र, शेणाच्या गोवऱ्या, सुकलेला निर्माल्याचा हार हेही घरीच ठेवावं.

रुजणारं बी : मोहरी, मेथी, धणे, मूग, मटकी हे आपल्या दृष्टीने किराणा सामान असलं, तरी तिथल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते रुजू शकणारं बियाणं आहे. ते नेण्यात शहाणपण नाही. ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च यांसारख्या शहरांत भारतीय किराणा दुकानं आहेत, सगळं तिथे मिळतं.

जाहीर करून नेता येण्यासारखं : कारखान्यात पॅक झालेली, सीलबंद आणि इंग्रजी लेबल असलेली बिस्किटं, चॉकलेटं, चहा पावडर, दळलेले मसाले. लोणचं आणि चिवडा न्यायचाच असेल, तर तोही घरगुती बरणीतला नको, कंपनीच्या सीलबंद पाकिटातला असावा. त्यातही तो सुटेलच असं नाही, अंतिम निर्णय अधिकाऱ्याचा. सासूबाईंनी प्रेमाने केलेल्या डिंकाच्या लाडवात साजूक तूपही असतं आणि खसखसही. म्हणून तो डबा घरी संपवूनच निघावं!

पूजेच्या वस्तू : नारळ, सुपारी, अक्षता, तुळशीमाळ, रुद्राक्ष, लाकडी मूर्ती या वनस्पतीजन्य वस्तू आहेत. सोबत असतील तर जाहीर कराव्यात.

बूट : सह्याद्रीत ट्रेक केलेले बूट तसेच नेऊ नयेत. तळव्यातली माती ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मगच बॅगेत ठेवावेत. मातीतून रोगजंतू आणि बिया जातात. उत्तर बेटावरच्या कौरी वृक्षांच्या जंगलात शिरतानाही बूट स्वच्छ करण्यासाठी खास केंद्रं केलेली आहेत, कारण मातीतून पसरणाऱ्या रोगाने हे प्रचंड वृक्ष मरत आहेत.

सगळ्यात जास्त फसवणारी वस्तू मात्र विमानातच मिळते. जेवणासोबत आलेलं सफरचंद किंवा केळं 'नंतर खाऊ' म्हणून पर्समध्ये टाकलं जातं आणि विसरलं जातं. लहान मुलांच्या बॅगेत अर्धवट खाल्लेलं फळ राहतं. विमानतळावर तपासणीच्या आधी मोठे डबे ठेवलेले असतात. त्यांत असं काही टाकून दिलं, तर कोणी काही म्हणत नाही. रांगेत उभं राहण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाची पर्स, जॅकेट आणि सॅक एकदा पाहावी.

औषधं आणि विमा

बीपी, मधुमेह, थायरॉइड यांची रोजची औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची नेता येतात. ती मूळ पाकिटात असावीत, स्ट्रिप कापून प्लॅस्टिकच्या डबीत भरलेली नकोत. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन हवं आणि त्यात औषधाचं मूळ नाव हवं, फक्त भारतीय ब्रँडचं नाव तिथे कोणाला कळत नाही. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक अशा नियंत्रित औषधांची मर्यादा एक महिन्याची असते. सगळी औषधं डिक्लरेशनमध्ये लिहावीत आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत.

विम्याबद्दल एक गैरसमज आहे. न्यूझीलंडमध्ये 'एसीसी' नावाची सरकारी योजना आहे. अपघातात झालेल्या इजेच्या उपचाराचा बराचसा खर्च ती उचलते, आणि पर्यटकांनाही त्याचा लाभ मिळतो. त्यामुळे 'तिथे उपचार फुकट असतात' असं ऐकायला मिळतं. पण ही योजना फक्त अपघातासाठी आहे. हृदयविकाराचा झटका आला, न्यूमोनिया झाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं, तर पर्यटकाला पूर्ण बिल स्वतः भरावं लागतं. पाय मोडल्यामुळे परतीचं तिकीट बदलावं लागलं, तर तो खर्चही एसीसी देत नाही.

म्हणून प्रवास विमा घ्यावाच, विशेषतः आई-वडिलांसाठी. तो घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत का? स्कीइंग, बंजी, स्कायडायव्हिंग यांचं संरक्षण आहे का? आणि विमान चुकलं किंवा रस्ता बंद झाला, तर भरपाई मिळते का? आजार लपवून स्वस्तात घेतलेली पॉलिसी नेमक्या गरजेच्या वेळी कामाला येत नाही.

गाडी चालवायची आहे?

न्यूझीलंडची मजा स्वतः गाडी चालवण्यात आहे, असं म्हणतात. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, ही जमेची बाजू. मूळ भारतीय लायसन्स जवळ हवं, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. लायसन्सवर सगळा मजकूर इंग्रजीत असेल तर ते तिथे चालतं. तरीही आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढणं सोयीचं. त्यासाठी फॉर्म ४ए, पासपोर्ट, व्हिसा आणि १,००० रुपये शुल्क लागतं, आणि ते एक वर्ष चालतं. लायसन्सची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत नाही ना, तेही पाहावं.

रस्ते गुळगुळीत असतात म्हणून फसायला होतं. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग ताशी १०० किलोमीटर असला, तरी बरेच रस्ते दुपदरी, वळणावळणाचे आणि मध्ये दुभाजक नसलेले आहेत. नकाशावरचा वेळ किमान पाऊण तासाने वाढवूनच धरावा. भारतीय चालकाने आधीच शिकून घ्याव्यात अशा काही गोष्टी :

- एकपदरी पूल : पुलाआधी दोन बाणांची पाटी असते. आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं.
- गोल चौक : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हॉर्न वाजवून घुसायचं नाही.
- मुलं : सात वर्षांपर्यंतच्या मुलासाठी चाइल्ड सीट सक्तीची आहे. गाडीसोबतच ती बुक करावी. मांडीवर बसवून चालत नाही.
- मागे रांग लागली तर : निसर्ग पाहत हळू जायला हरकत नाही, पण डावीकडे जागा दिसताच थांबून मागच्यांना वाट द्यावी.
- पहिला दिवस : वीस तासांच्या प्रवासानंतर विमानतळावरून लगेच गाडी घेऊन चार तास जाऊ नये. झोप अपुरी असते आणि शरीराच्या घड्याळात रात्र असते. पहिली रात्र शहरात झोपून मगच गाडी घ्यावी.

भाड्याच्या गाडीच्या करारात 'एक्सेस' ही रक्कम पाहावी. अपघात झाला तर तेवढे पैसे आपल्या खिशातून जातात. थोडे जास्त पैसे भरून ती कमी करता येते. काही रस्त्यांवर विमा लागूच होत नाही, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रस्ता त्यासाठी प्रसिद्ध आहे. बेट बदलताना गाडी फेरीवर नेता येईल का, हेही आधीच विचारावं. वेलिंग्टन ते पिक्टन हा समुद्रप्रवास साधारण साडेतीन तासांचा आहे.

मिलफर्ड साउंड : एका दिवसाचं गणित

बहुतेकांच्या यादीत मिलफर्ड साउंड असतंच. क्वीन्सटाउनहून ते साधारण २९० किलोमीटर आहे, म्हणजे एका बाजूला किमान चार तास. जाऊन-येऊन आठ तास गाडी आणि मध्ये दोन तासांची बोट. एकच चालक असेल तर हे धोक्याचं आहे. आदल्या रात्री ते आनाऊ या गावी मुक्काम केला, तर तिथून जेमतेम १२० किलोमीटर राहतात. नाहीतर सरळ बसची सहल घ्यावी, म्हणजे चालकालाही खिडकीतून डोंगर बघता येतात.

ते आनाऊमध्ये पेट्रोलची टाकी भरावी. पुढच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करावा. हिवाळ्यात आणि वसंतात हिमस्खलनाच्या भीतीने हा रस्ता बंद होतो, आणि ठरावीक काळात गाडीत टायरच्या साखळ्या ठेवणं सक्तीचं असतं. निघण्याआधी सकाळी रस्ता चालू आहे का ते तपासावं.

आणि पाऊस? मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या आंबोलीसारखा. पण तिथे पाऊस पडला म्हणजे सहल फुकट गेली असं नाही. पावसातच काळ्या कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळू लागतात. फक्त छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट हवा.

पैसे : रोख कमी, कार्ड जास्त

न्यूझीलंडमध्ये जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. न्यूझीलंड डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि थोडी रोकड असं ठेवावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासासाठी साधारणपणे ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतचं परकीय चलन नोटांमध्ये नेता येतं, बाकीचं कार्डावर. १०,००० न्यूझीलंड डॉलर किंवा त्याहून अधिक रोकड असेल, तर ती तिथे जाहीर करावी लागते.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून मगच निघावं. ओटीपी येण्यासाठी भारतीय सिम चालू राहणं गरजेचं आहे. दुकानातलं मशीन 'रुपयांत की डॉलरमध्ये?' असं विचारेल, तेव्हा डॉलर निवडावा. रुपये निवडले तर दर महाग लागतो. काही दुकानांत कार्डावर थोडा अधिभारही घेतात.

परदेशी टूर पॅकेज घेताना टीसीएस कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून पैसे भरताना ताजा दर विचारून घ्यावा. हा वेगळा खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. त्यासाठी पावती आणि पॅन क्रमांक बरोबर असायला हवा.

टिप देण्याची तिथे प्रथा नाही. नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे बाटल्यांवर खर्च नको. दुकानं बऱ्याचदा संध्याकाळी पाच-सहालाच बंद होतात, सुपरमार्केट मात्र उशिरापर्यंत उघडी असतात. गुड फ्रायडे, ईस्टर संडे आणि ख्रिसमस या दिवशी जवळपास सगळी दुकानं कायद्यानेच बंद असतात. शाकाहारी कुटुंबाने या दिवसांचं जेवण आदल्या दिवशीच आणून ठेवावं. लहान गावांत रात्री आठनंतर शाकाहारी जेवण मिळणं कठीण असतं, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर वरण-भाताची चिंता राहत नाही.

बाकीचं सामान

- प्लग : वीज भारतासारखीच २३० व्होल्टची, पण सॉकेट वेगळं. दोन तिरक्या चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. सोबत एक एक्स्टेंशन बोर्ड नेला, तर एका अडॅप्टरवर सगळ्यांचे मोबाइल चार्ज होतात. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच.
- ऊन : हवा थंड वाटते, पण उन्हाळ्यात तिथली अतिनील किरणं फार तीव्र असतात. टोपी, गॉगल आणि जास्त एसपीएफचं सनस्क्रीन हवंच.
- कपडे : एकाच दिवसात ऊन, वारा आणि पाऊस येऊ शकतो. एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक घालायचे तीन पातळ थर आणि वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट कामाला येतं.
- फोन : सिम किंवा ई-सिम विमानतळावर मिळतं. डोंगरात रेंज जाते, म्हणून कुठे चाललो आणि कधी परतणार हे कोणाला तरी सांगून निघावं. लांबच्या ट्रेकसाठी आपत्कालीन बीकन भाड्याने मिळतो.
- आपत्कालीन क्रमांक : पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, तिन्हींसाठी १११.
- भूकंप : हा भूकंपप्रवण देश आहे. हादरे बसले तर खाली वाकून टेबलाखाली आसरा घ्यावा. समुद्राजवळ असताना धक्का खूप जोराचा किंवा एक मिनिटाहून लांब असेल, तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागी जावं.

कोणतं काम कधी?

चार-सहा महिने आधी : पासपोर्टची मुदत पाहणं, ऋतू आणि मार्ग ठरवणं, रद्द करता येतील अशी हॉटेलं बुक करणं.

तीन महिने आधी : व्हिसाचा अर्ज. उन्हाळ्याच्या हंगामात अर्जांची गर्दी असते, वेळ लागू शकतो.

व्हिसा आल्यावर : तिकीट, लागत असल्यास ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा, विमा, गाडी आणि फेरीचं बुकिंग, आरटीओतून परमिट.

एक आठवडा आधी : फॉरेक्स कार्ड, औषधं आणि प्रिस्क्रिप्शन, बुटांची सफाई, ऑफलाइन नकाशे.

आदल्या दिवशी : ट्रॅव्हलर डिक्लरेशन भरणं, कागदपत्रांच्या प्रती घरच्यांना पाठवणं आणि प्रत्येक बॅगेचा कोपरा न् कोपरा तपासणं.

विमानतळावर निरोप द्यायला आलेली मावशी वाटेत खायला म्हणून घरच्या चकल्यांचा डबा हातात ठेवतेच. तो नाकारून तिला दुखवायचं कारण नाही. विमानात शेजाऱ्यांसह डबा संपवावा, आणि काही उरलंच तर उतरल्यावर 'हो, आमच्याकडे खाद्यपदार्थ आहेत' एवढं मोकळेपणाने सांगावं.